स्टार्टरच्या तारेची गिटार

मोर्णा नदीचं पाणी दुपारी उतरलं आणि जुन्या अकोल्यातल्या त्या गल्लीत घोट्याच्या वरपर्यंत चिखल ठेवून गेलं. गल्लीतल्या बायकापोरांना शाळेच्या वरच्या मजल्यावर नेलं होतं. तिथून परत आल्यावर कुणी आधी चुलीकडे धावलं, कुणी पेटीतल्या कागदांकडे. शाहीननं मागच्या खोलीतल्या पलंगाखाली हात घातला आणि गिटारची काळी पेटी ओढली. पेटी हलेना. पाण्यानं भरून जड झाली होती. तिनं पाय भिंतीला लावून जोर केला, तेव्हा ती चिखलातून सुटली. कड्या उघडल्या तर आतून गढूळ पाणी भळाभळा वाहिलं, आणि तळाशी तिची निळी इलेक्ट्रिक गिटार पालथी पडलेली दिसली.

शाहीन सकाळी एका शाळेत गणित शिकवायची आणि लग्नसराईत, गणपतीत, दिवाळीत तनवीरभाईंच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची. अकोला, अमरावती, मूर्तिजापूर, दर्यापूर इकडे गिटारवाली बाई दुसरी नव्हती. स्टेजवर ती आली की आधी लोक हसायचे, मग गप्प व्हायचे. हसणं ते गप्प होणं यामधला तो वेळ तिला फार आवडायचा.

घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान. दारावर ‘साजिद मोटर रिवाइंडिंग’ अशी पाटी. साजिद म्हणजे शाहीनचे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. विहिरीवरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, हा त्यांचा धंदा. ते होते तेव्हाही कॉइल गुंडाळायचं काम घरात बसून शाहीनची आई जहाँआराच करायची. ते गेल्यावर तिनं फक्त बसायची जागा बदलली, आतल्या खोलीतून पुढच्या दुकानात. पहिलं वर्षभर शेतकरी दारात येऊन विचारायचे, “कोनी मानूस नाही काय?” ती म्हणायची, “मी काय मांजर हाओ?” नंतर विचारणं बंद झालं.

ती वर्षं मोटारी जळण्याचीच होती. अर्धा अर्धा दिवस लाइट नसायची, आली तरी कमी दाबानं यायची, आणि मोटर गुरगुरून जळून जायची. कापसाला भाव नव्हता, माणसं शेतावरून रिकाम्या चेहऱ्यानं यायची, पण मोटर मात्र घेऊन यायची. पुराच्या दिवशी दुकानात अशा मोटारींची रांगच होती. सगळ्या पाण्याखाली गेल्या.

शाहीन गिटार मांडीवर घेऊन ओसरीच्या दगडावर बसली. तारांवर गंज चढायला लागला होता. गिटारची मान डोळ्यासमोर धरून तिनं एका डोळ्यानं तिच्या लांबीवरून पाहिलं. ती किंचित धनुष्यासारखी वाकली होती.

तेवढ्यात बडे अब्बा आले. दाऊद, साजिदचे थोरले भाऊ. गल्लीत मदतीचं सगळं काम त्यांच्या अंगावर होतं. खिचडीच्या देगी, चादरी, दवाखान्याची गाडी. दोन रात्रींपासून माणूस झोपला नव्हता. कपडे चिखलानं भरलेले.

“घरात पीठ हाये काय?” त्यांनी विचारलं.

“भिजलं.”

“मंग हे काय घेऊन बसली?” त्यांचा आवाज चढला नाही, पण गल्लीतल्या चार बायकांनी माना वळवल्या. “पलीकडं बशीरची भिंत पडली. लोकायच्या घरात बसाले जागा नाही. आन् तू खेळनं पुसून राहिली. फेकून दे ते. कचऱ्याची ट्रॉली येऊन राहिली.”

ते म्हणत होते ते खोटं नव्हतं. बशीरची भिंत पडलीच होती. शाहीन उठली, गिटार आत नेली आणि फावडं घेऊन बाहेर आली. संध्याकाळपर्यंत तिनं आपल्या घरातला आणि मग बशीरच्या घरातला चिखल काढला. ट्रॉली आली तेव्हा तिनं भिजलेली गादी टाकली, फुगलेलं कपाट टाकलं, गिटारची सडकी पेटीसुद्धा टाकली. गिटार टाकली नाही.

आई दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, “उन्हात नको ठेवू. लाकूड तडकते.”

“माहीत हाये.”

“आन् आयक. पहिले लोकायच्या मोटारी. मंग तुही गिटार. मोटर नाही मिळाली तर त्याचं वावर जाते.”

“हो म्हटलं न, अम्मी.”

घरात त्या उर्दू बोलायच्या, दुकानात वऱ्हाडी, आणि भांडताना दोन्ही एकत्र. त्या दिवसांत बहुतेक एकत्रच चाललं होतं.

शाळा चिखलामुळे बंद होती. शाहीन दिवसभर मोटारी उघडायची, स्वच्छ पाण्यानं धुवायची, पुसायची. पत्र्याच्या मोठ्या पेटीत बल्ब लावून केलेली भट्टी होती. लाइट असेल तेव्हा त्यात मोटारींचं पोट वाळवायचं, मग वार्निश पाजायचं. ज्या वाचल्या नाहीत त्यांच्यात नवी तार. संध्याकाळी बोटांना वार्निशचा वास यायचा आणि पाठ उभी राहायला नकार द्यायची. तरी ती अंधार पडायच्या आत थोडा वेळ गिटारसाठी काढायची. सगळे स्क्रू सोडवून तिनं तिचे भाग वेगळे केले. तारा काढल्या, मान शरीरापासून सुटी केली, आवाज कमीजास्त करायच्या बटणांत साचलेला गाळ स्पिरिटच्या बोळ्यानं काढला. शेजारच्या पिंजाऱ्याकडून पिंजलेला कापूस आणला आणि लाकडाचे भाग त्यात गुंडाळून पंख्याजवळच्या कोनाड्यात ठेवले. कापूस ओला झाला की बदलायचा. पिंजारी म्हणाला, “यंदा कापसाले एवढं प्रेमानं कोनीच विचारलं नाही पोरी.”

आठवडा उलटला असेल, तनवीरभाई आले. दिवसा त्यांचं मंडप डेकोरेशनचं काम, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. ते स्वतः ड्रम वाजवायचे. मनानं वाईट माणूस नव्हता. येताना दुधाच्या पिशव्या आणि बिस्किटांचा खोका घेऊन आले. बसले, पुराच्या गोष्टी झाल्या. मग म्हणाले, “शाहीन, तू आता आराम कर. दिवाळीचा अमरावतीचा कार्यक्रम आपन निभावून नेतो. सोहम म्हणून एक पोरगा भेटला. की-बोर्ड वाजवते. त्याच्या की-बोर्डात गिटारचा आवाज हाये.”

“गिटारचा?”

“हुबेहूब.”

“मी येनार हाओ अमरावतीले,” शाहीन म्हणाली. “गिटार घेऊन.”

तनवीरभाईंनी कोनाड्यातल्या कापसाच्या गाठोड्याकडे पाहिलं. “पान्यात मेलेली गिटार वाजते काय, बेटा? माह्याकडं भिजलेले दोन ढोलक हायेत. फेकले म्या. आन् खरं सांगू? लोकायले फरक पडत नाही. लग्नात जेवता जेवता कोन पाह्यते की आवाज कुठून येऊन राहिला?”

हे मात्र तिला झोंबलं. भिंत, पीठ, चिखल यांच्यापुढं तिला उत्तर नव्हतं. यापुढं होतं.

“मले फरक पडते,” ती म्हणाली. “मही जागा कोनाले देऊ नका.”

तनवीरभाई हसले आणि उठले. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

गणपती झाले, लाकूड वाळलं, आणि एका रविवारी ती सगळे भाग पिशवीत घालून अमरावतीला एका वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदारानं मान पाहिली. मग तारांखालच्या दोन लांबट डब्या, ज्यांना पिकअप म्हणतात, त्यांना मीटरच्या पिना लावल्या. पिकअपच्या आत चुंबक असतं आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली असते. गिटारची लोखंडी तार वर थरथरली की त्या बारीक तारेत वीज जागी होते. तीच पुढं जाऊन आवाज होते. मीटरचा काटा जागचा हलला नाही.

“दोन्ही गेले,” दुकानदार म्हणाला. “आत तार गंजून तुटली. हे पार्ट मुंबईहून मागवावे लागतील, आणि येतील तेव्हा येतील. त्यापेक्षा नवी गिटार न्या ना.” मग पिशवी धरलेल्या तिच्या काळ्या नखांकडे पाहून त्यानं विचारलं, “मुलासाठी आहे का?”

“नाही. माझी आहे,” शाहीन म्हणाली. “नीट बांधून द्या परत.”

परतीच्या बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. मूर्तिजापूरपर्यंत तिला रडू येत होतं. मूर्तिजापूरच्या स्टँडवर तिनं चहा घेतला, आणि कपात पाहता पाहता दुकानदाराचंच एक वाक्य तिला परत आठवलं. आत तार तुटली. फक्त तार. आपल्या घरात रोज दुसरं काय चालतं?

घरी पोचल्यावर तिनं एक पिकअप आईपुढं ठेवली. “अम्मी, हे कॉइल हाये. रिवाइंडिंग कराची.”

जहाँआरानं ती उलटसुलट केली, चाकूच्या टोकानं झाकण काढलं, चष्मा वर केला. आतली तार हिरवी पडली होती. तिनं एक टोक नखावर घेतलं तर ते धुरासारखं मोडलं.

“हे तार हाये का कोळ्याचं जाळं?” ती म्हणाली. “असली तार माह्या बापजन्मी गुंडाळली नाही.”

“नाही जमनार?”

आईनं तिच्याकडे असं पाहिलं की शाहीननं पुढं काही विचारलं नाही.

प्रश्न तारेचा होता. दुकानात होती ती मोटारीची तार, सुतळीसारखी जाड. पंख्याची त्याहून बारीक, पण इथं तीही दोरखंड. अकोल्यातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत विचारलं, कुणाकडे नव्हती. पितृपक्ष गेला, नवरात्र सुरू झालं.

त्याच सुमारास जयवंता आपली मोटर न्यायला आली. मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातली बाई. नवरा अंथरुणाला खिळलेला, वावर ती एकटीच पाहायची. पुराच्या पाण्यानं तिच्या पऱ्हाटीची अर्धी बोंडं काळी पडली होती. ती आली तेव्हा मोटर तयार होती, पण टेबलावर गिटारचं निळं शरीर पडलेलं होतं आणि शाहीन त्यावर वाकून पॉलिश कागद घासत होती.

जयवंता दारातच थांबली. “काय व, माह्या मोटारीच्या आंधी हे चालू हाये काय?”

“तुमची मोटर परवाच झाली, मावशी,” शाहीन म्हणाली. “फिरवून पाहा.”

जयवंतानं खरंच मोटरचा दांडा हातानं फिरवून पाहिला. सुळकन फिरला. मग तिनं टेबलाकडे बोट केलं. “हे कायचं हाये?”

“गिटार. गाण्यात वाजवते ते. पुरात भिजली. तार भेटून नाही राहिली.”

बडे अब्बा त्या वेळी दुकानात बसले होते. त्यांना राहवलं नाही. “सांगा हिले तुमीच, बाई. लोकायचं पीक गेलं, घरं गेले. हे काय गान्या-बजावन्याचे दिवस हायेत काय?”

जयवंतानं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, “भाऊ, माह्या वावरात यंदा काही नाही. मागच्या सालीही काही नव्हतं. तुमी मले सांगा, गान्याचे दिवस कवा येते? कोनी तारीख देल्ली काय तुमाले?”

दाऊदनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

“आमी काय निस्तं रडाचंच ठेवलं काय?” ती म्हणाली आणि मोटर पोत्यात घालायला वाकली. पोत्यात आधीच एक गंजका लोखंडी डबा होता. तिनं तो काढून जमिनीवर ठेवला. “हा स्टार्टर पाह्य, आपा. जळाला म्हनते. ठेवू का भंगारात?”

जहाँआरानं सवयीनं स्टार्टर उघडला. मोटर सुरू करायचं बटण दाबलं की ते धरून ठेवणारी एक छोटी कॉइल आत असते. आपण हे शेकडो वेळा पाहिलंय, तरी आज पहिल्यांदा पाहतोय, असं तिच्या चेहऱ्यावर आलं. तिनं वरचा कागद सोलला. आत लाल, चकचकीत तार. पिकअपच्या तारेपेक्षा थोडी जाड, पण केसासारखी. जळाले होते ते बाहेरचे जोड. कॉइल चांगली होती.

“शाहीन,” ती हळूच म्हणाली, “इकडं ये.”

“कामाची असन तं घे पोरी, माह्याकडं दुसरा स्टार्टर हाये,” जयवंता म्हणाली.

तार भेटली म्हणजे काम झालं असं नव्हतं. हातानं फिरवायचं वाइंडिंग मशीन होतं. त्यावर पिकअपची डबी मेणानं चिकटवली. शाहीननं दांडा धरला, जहाँआरानं तार बोटांच्या चिमटीत घेतली. पहिल्या दिवशी तार तुटली. दुसऱ्या दिवशी निम्म्यावर आली आणि शाहीननं दांडा जरा जोरात फिरवला, परत तुटली.

“घाई काहून करून राहिली?”

“दिवाळी आली, अम्मी.”

“दिवाळी दरसाल येते. ही तार एकच हाये.”

मग जहाँआरानं जागा बदलली. तार शाहीनच्या चिमटीत दिली. “तू तारवाली हाय न? तुह्या बोटाले समजते. म्या फिरवतो.”

तसं केलं. दुपार होती, लाइट नव्हती, दारातून येणाऱ्या उजेडात दोघी बसल्या. आई इतक्या सारख्या गतीनं दांडा फिरवत होती की आवाज ऐकून झोप यावी. शाहीनच्या बोटांतून तार सरकत होती. थोडी जड झाली की ती बोटं सैल करायची, सैल पडली की आवळायची. दारात गिऱ्हाईक आलं तेव्हा जहाँआरानं मान न वळवता सांगितलं, “बसा. आता उठता नाही येत.” तो बिचारा बसून राहिला आणि पाहत राहिला. शेवटी डबी भरली. तार मूळच्यापेक्षा जाड, म्हणून वेढे कमी बसले. आवाज पहिल्यासारखा येणार नाही हे दोघींना माहीत होतं. मीटर लावला. काटा हलला आणि स्थिर उभा राहिला.

जहाँआरानं चष्मा काढला आणि ओढणीनं पुसला. “दुसऱ्यासाठी तार नाही पुरत,” एवढंच म्हणाली.

म्हणजे दोन्हीपैकी एकच पिकअप जिवंत होणार होती. शाहीननं ती मेणात बुडवून काढली, जागेवर बसवली. मानेतली लोखंडी सळई सैल करून मान दोन फळ्यांत आवळली होती, वर मोटारीचं जड पोट ठेवून. ती बरीच सरळ झाली. एका जागी मात्र तार पट्टीला घासून किर्र करायची, ते गेलं नाही. नव्या तारा चढवल्या. गिटारचा आवाज मोठा करणारा तिचा ॲम्प तनवीरभाईंच्या गोदामात होता, म्हणून पुरातून वाचला होता. पण तो लगेच मिळण्यातला नव्हता. पिंजाऱ्याकडे माइक लावायची सोय असलेला जुना टेपरेकॉर्डर होता, तो आणला. मग लाइटची वाट पाहत बसल्या.

लाइट तिसऱ्या प्रहरी आली. आधी घुंईं असा आवाज आला. मग शाहीननं सगळ्यात जाड तार छेडली.

आवाज पहिल्यासारखा गोड नव्हता. धारदार होता, थोडा फाटलेला, पत्र्यावर नख ओढावं तसा सुरुवातीला, आणि मग लांबत जाणारा. शाहीननं परत छेडली. मग सगळ्या तारांवर हात टाकला. पिंजारी धनुकली टाकून दारात आला. समोरच्या घरातली म्हातारी म्हणाली, “या अल्ला, काय फुटलं?”

“काही फुटलं नाही,” जहाँआरा ओरडली. “जुळलं!”

शाहीननं आवाज आणखी वाढवला.

दिवाळीच्या त्या कार्यक्रमाला मायलेकी बसनं अमरावतीला गेल्या. शिक्षकांच्या एका संस्थेचं स्नेहसंमेलन होतं, शहराबाहेरच्या लॉनवर, संध्याकाळचं. तनवीरभाईंना तिनं फोन करून सांगितलं होतं. ते म्हणाले होते, “ये, ये. वाटलं तर ये.” स्टेजवर तिची जागा होती, पण मागं, ड्रमच्या बाजूला. तिच्या नेहमीच्या जागेवर सोहम की-बोर्ड लावून उभा होता. पोरगा लाजरा होता, त्यानं नमस्कार केला. ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या रमाताई तिला पाहताच पुढं आल्या. त्या अमरावतीच्याच, सासरी भिक्षुकी, स्वतः शाळेत शिकवायच्या. “आलीस! मला म्हणाले, तू येणार नाहीस,” त्या म्हणाल्या.

“कोन म्हणालं?”

रमाताईंनी ड्रमकडे पाहिलं.

साउंडवाल्यानं शाहीनची वायर तिच्या ॲम्पमध्ये न लावता थेट सगळ्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या पेटीत लावली. “भाईनं सांगितलं,” तो म्हणाला.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. शाहीन वाजवत होती, बोटं बरोबर पडत होती, पण तिला स्वतःला काही ऐकू येत नव्हतं. तिला वाटलं, गर्दीमुळे असेल. तिसऱ्या गाण्यात गिटारचा एक तुकडा होता, तो वाजवायची वेळ आली. तिनं तो वाजवला, आणि लॉनभर तोच तुकडा गुळगुळीत, प्लास्टिकसारखा वाजला. तिनं मुद्दाम एक सूर चुकवला. लॉनवर तो चुकला नाही.

तेव्हा तिला कळलं. तिचा आवाज मिक्सरवर पूर्ण बंद होता. तिला नुसतं शोभेसाठी उभं केलं होतं.

तिनं तनवीरभाईंकडे पाहिलं. ते ड्रम वाजवत होते आणि दुसरीकडे पाहत होते. खाली पहिल्या रांगांमागं, पाण्याच्या ड्रमजवळ, जहाँआरा उभी होती. तिला संगीतातलं फार कळत नव्हतं. पण चालू मोटर आणि बंद मोटर यांतला फरक तिला दुरून कळायचा. ती तिथूनच ओरडली, आणि ते गाणं चालू असताना अर्ध्या लॉननं ऐकलं: “शाहीन! तुही लाइन काटली!”

शाहीननं वाकून मिक्सरकडे जाणारी वायर उपटली. साउंडवाला “अहो, अहो” करत उठेपर्यंत ती स्टेज ओलांडून पुढं आली होती. तिचा ॲम्प एका कोपऱ्यात रमाताईंच्या पाण्याच्या बाटल्या ठेवायला टेबल म्हणून वापरला होता. तिनं बाटल्या खाली ठेवल्या, बटण दाबलं, वायर खुपसली आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

ॲम्प खच्चकन वाजला, घुंई घुंई घुमला. लोक दचकले. सोहमनं की-बोर्डवरचे हात उचलले. रमाताई गाता गाता थांबल्या, शाहीनकडे वळल्या आणि माइक बाजूला करून म्हणाल्या, “घे.”

शाहीननं तोच तुकडा पुन्हा घेतला, पहिल्यापासून. स्टार्टरच्या तारेचा तो धारदार, फाटका आवाज लॉनवर गेला. मानेच्या त्या एका जागेवर तार किर्र वाजली. तिनं ती जागा टाळली नाही, उलट तिथंच सूर ताणला. एक संचालक खुर्चीतून उठून स्टेजकडे आले, हातानं ‘कमी करा, कमी करा’ अशी खूण करत. ती त्यांच्याकडे पाहतच वाजवत राहिली. तनवीरभाईंनी ताल थांबवला असता तर ती एकटी पडली असती. पण त्यांचा हात थांबला नाही. तीस वर्षांची सवय, हात गाण्याबरोबर गेला.

तुकडा संपला. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जेवणाकडे गेले. मागं भांडी घासणाऱ्या बायका हातातलं काम टाकून उभ्या होत्या, त्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. उरलेली सगळी गाणी शाहीननं पुढच्या जागेवर उभं राहून वाजवली. तिला कुणी मागं जा म्हटलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर तनवीरभाई वायरी गुंडाळत होते. “माह्या स्टेजवर हे चालत नाही,” ते म्हणाले. “यापुढं नको येऊ.”

“बरं,” शाहीन म्हणाली. “पन तुमी मले सांगाले पाह्यजे होतं. तोंडावर. आवाज बंद करून उभं कराचं नव्हतं.”

तनवीरभाईंनी वायर गुंडाळणं थांबवलं, पण मान वर केली नाही.

“मग मीही नाही येत, तनवीरभाई,” रमाताई म्हणाल्या. त्यांनी हे इतक्या साधेपणानं म्हटलं की आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

त्या हिवाळ्यात शाहीन आणि रमाताई दोघींनीच कार्यक्रम घ्यायला सुरुवात केली. फारसे मिळाले नाहीत. साल वाईट होतं, लोक लग्नंसुद्धा आटोपशीर करत होते. काही ठिकाणी, दोन बाया काय वाजवणार, म्हणून परत पाठवलं. काही ठिकाणी बोलावलं. एका कार्यक्रमाला सोहम आपणहून आला आणि विचारलं, की-बोर्डवर फक्त बासरी-व्हायोलिन वाजवीन, चालेल का? त्यांनी घेतलं. बडे अब्बा अजूनही म्हणायचे की हे काही बरं नाही. शाहीन ऐकून घ्यायची आणि वाजवायला बसायची. गल्लीतल्या पडलेल्या भिंती हळूहळू उभ्या राहत होत्या, दुकानात जळक्या मोटारी येतच होत्या.

माघात चांदूर रेल्वेला बाजाराच्या मैदानावर त्यांचा कार्यक्रम ठरला. दुपारचीच वेळ ठेवली होती, कारण संध्याकाळी लाइट जायची. वारा सुटला होता, मंडपाचं कापड फडफडत होतं. बायका बऱ्याच आल्या होत्या, त्यातल्या कित्येक तुरीच्या कापणीवरून थेट, डोक्याला फडकं तसंच बांधलेलं. शाहीन तारा जुळवत होती तेव्हा आयोजकांपैकी एक गृहस्थ स्टेजजवळ आले.

“ताई, आवाज थोडा हळू ठेवा हो,” ते म्हणाले. “बायामाणसं आहेत. त्यांना एवढा मोठा आवाज सहन होणार नाही.”

शाहीननं खाली बसलेल्या बायकांकडे पाहिलं. मग माइकवर वाकून तिनं विचारलं, “मोठा ठेवू का लहान?”

खाली कुजबुज झाली. मग मधल्या रांगेतून एक बाई फडकं सावरत उभी राहिली आणि हात वर करून ओरडली, “मोठ्ठा ठेव व माय! लहान तं घरी आयकतोच!”

मैदान हसलं. रमाताईंनी माइक हातात घेतला. शाहीननं बटण फिरवलं आणि सुरुवात केली.